आपत्तीनंतरची मदत : किल्लारीच्या भूकंपाने शिकविलेले धडे

भूकंप, महापूर, वादळ, गारपीट यांविषयी बोलताना आपण बहुधा नुकसानीचे आकडे मोजतो. किती माणसे गेली, किती जनावरे दगावली, किती हेक्टर पीक वाया गेले, हे आकडे आवश्यकच असतात. परंतु आपत्तीनंतर जी मदत येते ती ज्यांच्या दारात उतरते, त्यांना तिचा अनुभव कसा येतो, याचा विचार फारसा होत नाही. मदत भरपूर येऊनही एखादे गाव वर्षानुवर्षे सावरत नाही, तर दुसरे गाव थोडक्या मदतीत उभे राहते. असे का होते, हे समजून घेणे प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या हिताचे आहे. कारण आज आपण मदत देणारे असलो तरी उद्या घेणारे असू शकतो.

याचा अभ्यास करण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. मराठवाड्याने हा अनुभव १९९३ साली स्वतः घेतला आहे.

काय घडले?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून रात्री उशिरा घरी परतलेली माणसे गाढ झोपेत होती. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ एवढी, म्हणजे मध्यम ते मोठी होती. परंतु त्याचा केंद्रबिंदू जमिनीखाली फार खोल नव्हता, आणि वरची घरे दगड-मातीची होती. औसा तालुक्यातील किल्लारी, उमरगा भागातील सास्तूर आणि आजूबाजूची अनेक गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे १६ हजार जखमी झाली आणि १५ हजारांहून अधिक जनावरे दगावली.

शेतीच्या दृष्टीने ही वेळ लक्षात घ्या. सूर्य नुकताच हस्त नक्षत्रात गेलेला होता. खरिपाची काढणी तोंडावर आलेली आणि रब्बी ज्वारीची पेरणी सुरू होण्याचे हे दिवस. आपल्याकडे रब्बी ज्वारीची शिफारस केलेली वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी आहे. म्हणजे घरात मृत्यू झालेला आणि शेतात वाफसा आलेला, अशा कात्रीत शेतकरी सापडला होता. बी बळदात होते आणि बळद ढिगाऱ्याखाली. तिफण मोडलेली, बैलजोडीतील एक बैल मेलेला. मदतीचा विचार करताना हे चित्र सतत डोळ्यांपुढे ठेवावे.

पहिले काही दिवस

कोणत्याही आपत्तीत पहिली मदत शेजाऱ्यांची असते. बाहेरची पथके, लष्कर, डॉक्टर येईपर्यंत काही तास जातातच. या काळात ढिगाऱ्याखालून जिवंत निघणारी बहुतेक माणसे गावकऱ्यांनी, सोयऱ्यांनी आणि शेजारच्या गावांनी हातांनी दगड उपसून काढलेली असतात. हा केवळ किल्लारीचा नव्हे, जगभरातील भूकंपांचा अनुभव आहे. म्हणूनच पहिल्या दिवसाची तयारी गावातच असली पाहिजे. तिच्यासाठी कोणाची वाट पाहता येत नाही.

त्यानंतर बाहेरून मदतीचा ओघ सुरू होतो. लोकांच्या मनात कळवळा असतो आणि ते हातात येईल ते घेऊन निघतात. यात घेणाऱ्याला पुढील अडचणी जाणवतात.

पहिली अडचण वाटपाची. गाड्या डांबरी रस्त्याने येतात आणि पहिल्या मोठ्या गावात रिकाम्या होतात. त्यामुळे रस्त्याकाठच्या गावात धान्याच्या थप्प्या लागतात. आडवाटेची वस्ती, तांडा, शेतातील वस्ती मात्र कोरडी राहते. ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रात येते त्या गावाकडे मदत जाते. शेजारच्या, तेवढ्याच पडलेल्या गावाला विचारणारे कोणी नसते.

दुसरी अडचण वस्तूंची. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. कपडे देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण फाटका, मळका, अंगाला न येणारा कपडा हातात घेताना माणसाला आपली किंमत काय उरली ते समजते. कष्ट करून खाणाऱ्या कुटुंबाला रांगेत उभे राहून हात पसरणे आधीच जड जाते. त्यात दिलेली वस्तू निरुपयोगी असेल तर दुःखावर अपमानाची भर पडते. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घरात पाव-बिस्किटे एक-दोन दिवस चालतात. पुढे पीठ, मीठ-मिरची, तवा, घागर आणि सरपण हवे असते. चार भांडी आणि चूल मिळाली की बाई स्वतःच्या हाताने रांधते, आणि घर पुन्हा सुरू झाल्यासारखे वाटते.

तिसरी अडचण जनावरांची. मदत माणसे मोजून येते. आपत्तीच्या काळात माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी आणि सावलीची साडेतीन चौरस मीटर जागा मिळावी, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. परंतु एका मोठ्या जनावराला पिण्यासाठीच दिवसाला ४० ते ५० लिटर पाणी लागते. ३०० किलो वजनाच्या बैलाला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे सुमारे साडेसात किलो शुष्क वैरण रोज हवी. टँकर माणसांच्या हिशोबाने आला तर शेतकरी आपल्या वाट्याचे पाणी जनावरापुढे ठेवतो, नाहीतर जनावर मिळेल त्या भावाने विकतो. आणि बैल एकदा विकला की पुढची पेरणी भाड्याच्या औतावर जाते.

यादीत नाव असणे

पहिला आठवडा उलटला की मदतीचे स्वरूप बदलते. हातातली वस्तू जाऊन कागद येतो. पंचनामा, यादी, पंच, सही, अंगठा यांवर पुढची सगळी मदत अवलंबून राहते. येथे गावाचा अनुभव एका प्रश्नाभोवती फिरतो: कुटुंब कोणाला म्हणायचे?

एका वाड्यात तीन भाऊ वेगवेगळ्या चुलींवर राहत असतील आणि घरपत्रकी नाव मात्र वडिलांचे असेल, तर कागदावर ते एकच घर दिसते. बटाईने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून पीक गेले तरी भरपाई मूळ मालकाच्या नावे निघते. नवरा दगावलेल्या स्त्रीच्या नावे ना घर असते ना जमीन. रक्कम दीर किंवा सासऱ्याच्या हाती जाण्याची भीती असते. शेतमजूर, सुतार, लोहार, कुंभार यांचे पीक बुडालेले नसते, पण हाताला काम उरत नाही आणि अवजारे गाडली गेलेली असतात. यादी करणाऱ्याने मुद्दाम वगळले असे दर वेळी नसते. नियमाच्या चौकटीत ही माणसे दिसतच नाहीत. मात्र वगळलेल्याला ते अन्यायाचेच वाटते, आणि गावात वर्षानुवर्षे टिकणारी तेढ बऱ्याचदा येथूनच सुरू होते.

म्हणून यादी चावडीवर मोठ्याने वाचली गेली पाहिजे. कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही आणि का नाही, हे सर्वांदेखत कळले तर संशयाला जागा राहत नाही.

पांढरी हलली, काळी तेथेच राहिली

जुन्या बोलीत गावाची दोन अंगे सांगतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. शेतकऱ्याचे आयुष्य या दोहोंच्या मध्ये चालते. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनाचा खरा धडा येथेच आहे.

भूकंपानंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने मोठा पुनर्वसन प्रकल्प हाती घेतला. पूर्णपणे पडलेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. पंचवीस हजारांहून अधिक घरे बांधण्यात आली. शासनाबरोबरच अनेक स्वयंसेवी संस्था, उद्योगसमूह आणि इतर राज्यांनी गावे दत्तक घेतली. एवढे मोठे काम त्यापूर्वी आपल्या राज्यात झाले नव्हते, आणि त्यामागील कष्ट नाकारण्याचे कारण नाही. अनाथ झालेल्या मुलांसाठीही चांगली कामे झाली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यात नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ही मदत एका ट्रकात संपणारी नव्हती, ती वर्षानुवर्षे चालली.

स्थलांतराची मागणी त्या वेळी गावकऱ्यांनीही केली होती. जेथे आपली माणसे गाडली गेली तेथे पुन्हा राहण्याची हिंमत कोणाला होणार? जमीन हादरतच होती, पाऊस पडत होता आणि रात्री उघड्यावर काढाव्या लागत होत्या. परंतु अशा मनःस्थितीत घेतलेला निर्णय पुढच्या तीन पिढ्यांना पुरतो, ही गोष्ट लक्षात घ्यावयास हवी होती.

नवी गावे शहरी वसाहतीच्या नमुन्यावर आखली गेली. सरळ रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, ओळीने घरे. जमीनधारणेनुसार घराचे आकारमान ठरले: भूमिहीन व १ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यास ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फूट. नकाशावर हे नीटनेटके दिसते. प्रत्यक्ष राहणाऱ्यांना त्यात काय जाणवले ते पाहा.

१) जुन्या गावात भावकी एकमेकांना लागून होती. नव्या गावात भूखंडाच्या आकारानुसार घरे मिळाल्याने थोरला भाऊ एका टोकाला आणि धाकटा दुसऱ्या टोकाला गेला. म्हातारी आई कोणाच्या हाकेच्या अंतरावर राहणार, हा प्रश्न नकाशात नव्हता.

२) घरात गोठा, कडबा, अवजारे, बी-बियाणे आणि खताची पोती ठेवण्याची सोय नव्हती. शेतकऱ्याचे घर केवळ झोपण्यासाठी नसते, ते शेतीचे कोठारही असते. त्यामुळे लोकांनी पुढे घरासमोर पत्र्याची शेड उभारून स्वतः सोय करून घेतली.

३) नवे गाव जुन्यापेक्षा कित्येक पट जागेवर पसरले. त्यासाठी शेतजमीन संपादित करावी लागली. ज्यांची जमीन गेली त्यांच्या दृष्टीने भूकंपाने घर नेले आणि पुनर्वसनाने शेत.

४) काही गावांत शेत लांब पडले. पूर्वी पहाटे उठून पायी जाता येत होते, दुपारची भाकरी घेऊन घरची बाई येत होती. अंतर वाढले की राखण कमी होते, जनावरे शेतात ठेवावी लागतात आणि स्त्रियांची पायपीट वाढते.

५) दत्तक घेणाऱ्या प्रत्येक संस्थेचा आराखडा वेगळा होता. एका गावात तर घुमटाच्या आकाराची घरे बांधली गेली. गोल भिंतीला कपाट कोठे लावायचे आणि पुढे घर वाढवायचे कसे, हे राहणाऱ्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते.

पक्की घरे मिळेपर्यंत अनेक कुटुंबांनी कित्येक उन्हाळे पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात काढले. ‘तात्पुरते’ या शब्दाची मुदत आपत्तीनंतर नेहमीच लांबते. म्हणून तात्पुरता निवाराही हवेशीर, कडब्याने किंवा पाचटाने शाकारलेला आणि शेताजवळचा असावा.

दगडाची भीती आणि खरे कारण

भूकंपानंतर लोकांच्या मनात दगडाची धास्ती बसली. ज्या दगडाने माणसे मारली त्याच्या भिंतीत पुन्हा राहायचे नाही, सिमेंट-काँक्रीटच हवे, अशी भावना झाली. ती समजण्यासारखी आहे. परंतु तांत्रिक कारण वेगळे होते आणि ते आपण जाणून घ्यावे.

आपल्याकडील जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड असतात. त्या वस्तुतः दोन स्वतंत्र भिंती असतात. आतला थर आणि बाहेरचा थर वेगवेगळा रचून मधल्या पोकळीत चिपा व माती भरलेली असते. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड घातलेले नसतात. शिवाय कोपऱ्यांत दगडांची सांधमोड नीट नसते. वर माळवदावर दर वर्षी गळती थांबविण्यासाठी मातीचा थर चढत जातो आणि छपराचे वजन वाढत राहते. जमीन हलली की भिंतीचे दोन्ही थर फुगून सुटतात आणि माळवद खाली येते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे, काही घरांत दगडी भिंती पडल्या तरी आतील खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणजे दोष दगडाचा नव्हता, तर बांधणीचा होता.

जुने घर मजबूत करण्याचे उपाय साधे आहेत. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा सळई घातलेले काँक्रीटचे बंध बसवावेत. दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींवरून सलग पट्टा फिरवावा. कोपरे सळईच्या जाळीने सांधावेत. माळवदावरील जादा माती काढून छप्पर हलके करावे. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपे आधार द्यावेत. ही कामे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली गावचा गवंडी आणि सुतार करू शकतो.

त्याच भूकंपातील दुसरी वाट

५२ गावे स्थलांतरित झाली, तशी ज्यांची घरे पडली नाहीत पण तडकली अशी गावेही पुष्कळ होती. तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम त्याच प्रकल्पात घेण्यात आला. येथे ठेकेदार नव्हता. नुकसानीच्या प्रमाणात १७ हजार किंवा ३४ हजार रुपयांची मदत घरमालकाला देण्यात आली आणि काम त्याने स्वतः करून घ्यावयाचे होते. अभियंता सल्ला देणार आणि कामाची पाहणी करणार, अशी व्यवस्था होती.

सुरुवातीला हा कार्यक्रम रेंगाळला. लोकांचा विश्वास नव्हता. शेजारच्या गावाला नवी घरे मिळत असताना आपण पडके घर का दुरुस्त करावे, असे वाटणे स्वाभाविक होते. शासकीय पत्रकातील भाषा समजत नव्हती. हप्ता कधी मिळेल, कोणते काम आधी करायचे, सिमेंट कोठून आणायचे, हे कोणी नीट सांगत नव्हते. ही कोंडी फुटण्यास गावातील स्त्रियांचा मोठा हातभार लागला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रयत्नाने महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून नेमण्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली ही संस्था काम करीत होती. या स्त्रिया घरोघर जाऊन योजना समजावून सांगत, गवंड्याने आरपार दगड घातला की नाही ते पाहत, अडलेल्या हप्त्याची तक्रार अभियंत्यापर्यंत पोहोचवीत. ज्या बाईने कधी चावडीची पायरी चढली नव्हती ती सळईचे माप तपासू लागली.

दोन्ही वाटांची तुलना करा. पहिलीत घर मोठे मिळाले, पण निर्णय दुसऱ्याने घेतला. दुसरीत रक्कम थोडी होती, पण घर जेथे होते तेथेच राहिले, गोठा राहिला, भावकी राहिली आणि बांधणीचे ज्ञान गावातल्या माणसांकडे आले. मदत किती मिळाली यापेक्षा ती कोणाला विचारून, कोणाच्या हातून खर्च झाली, यावर गावाचा अनुभव ठरला.

हे ज्ञान पुढे उपयोगी पडले. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या स्त्रिया तेथील गावांत गेल्या आणि स्वतःचा अनुभव सांगितला. तेथेही सुरुवातीस गावे हलविण्याचा विचार झाला होता. बऱ्याच गावांनी त्यास विरोध केला. पुढे बहुसंख्य घरे मालकांनी स्वतःच बांधली. रक्कम हप्त्याहप्त्याने बँक खात्यात जमा होई आणि अभियंत्याने काम तपासल्यावर पुढचा हप्ता मिळे. २००४ च्या त्सुनामीनंतर आपल्या या भगिनी तामिळनाडूतही गेल्या. भूकंपात सर्वस्व गमावलेली बाई दुसऱ्या राज्यातील बाईला सांगते की, घराचा नकाशा आधी मागून घे आणि मगच हो म्हण. असा सल्ला पुस्तकातून मिळत नाही.

काळीला हवी असणारी मदत

घर उभे राहील, पण शेत पडिक राहिले तर कुटुंब उभे राहत नाही. आणि शेतीची मदत वेळेला बांधलेली असते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिळालेले दहा किलो ज्वारीचे बी एका हेक्टरची पेरणी करते. तेच बी नोव्हेंबरअखेर आले तर ओल उडून गेलेली असते. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात सीना, मांजरा, सिंदफणा या नद्यांना आलेल्या पुरांनी मराठवाडा व सोलापूर भागात हेच चित्र पुन्हा दाखविले. उभे सोयाबीन पाण्यात गेले, जनावरे वाहून गेली, नदीकाठची माती खरडून गेली. आणि रब्बीची पेरणी दारात उभी होती. किल्लारीला जमीन हलली होती, येथे जमीनच वाहून गेली. तरी घेणाऱ्याची अडचण तीच होती: हंगाम थांबत नाही.

अशा वेळी मागावयाच्या गोष्टी क्रमाने अशा आहेत. पहिल्या आठवड्यात चारा, पाणी आणि पशुवैद्यकीय मदत. पंधरा दिवसांच्या आत बियाणे आणि पेरणीसाठी बैल किंवा ट्रॅक्टरची सामुदायिक सोय. त्यानंतर गाळ काढणे, बांध घालणे, विहिरी उपसणे आणि मोटारी दुरुस्त करणे. मजुरांना याच कामांवर रोजगार मिळाल्यास गावाचे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

मदतीत आलेले बियाणे डोळे झाकून पेरू नये. आपल्या भागात चालणारा वाण आहे का, ते पाहावे. मध्यम जमिनीत कोरडवाहू पेरणीसाठी ओळखीची मालदांडी ३५-१ असेल तर अडचण नाही. अनोळखी वाण असल्यास कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या तज्ज्ञास विचारावे. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ठेवून उगवण तपासावी. ज्वारीचे ७५ आणि हरभऱ्याचे ८५ दाणे उगवावयास हवेत. मदत फुकट आली तरी हंगाम फुकट जात नाही.

गावाने काय करावे?

१) पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत पाच ते सात जणांची आपत्ती समिती नेमावी. तीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि मजूर वस्ती व तांड्यावरील माणूस अवश्य असावा.

२) चुलीनिहाय कुटुंबांची यादी आधीच तयार ठेवावी. वृद्ध, गरोदर स्त्रिया, अपंग, लहान मुले आणि जनावरांची संख्या तीत लिहावी.

३) घरपत्रक, सातबारा, बँक पासबुक यांच्या प्रती गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे किंवा मोबाइलवर ठेवाव्यात. ई-पीक पाहणीची नोंद वेळेवर करावी. बटाई असल्यास तिची लेखी नोंद असावी.

४) तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक (आता या पदांची नावे बदलली असली तरी कामे तीच आहेत) पंचनाम्यास येतील तेव्हा घरातील मोठ्या माणसाने हजर राहावे. नुकसानीचे फोटो आधी काढून ठेवावेत. मेलेले जनावर पंचनाम्यापूर्वी पुरावे लागले तर पंचांसमक्ष पुरावे व फोटो ठेवावा.

५) पीक, घर, गोठा, दुभते जनावर, ओढकाम करणारे जनावर, शेतात साचलेला गाळ आणि वाहून गेलेली जमीन या वेगवेगळ्या बाबी आहेत. पीकनुकसानीसाठी ३३ टक्के वा अधिक नुकसान आणि गाळासाठी ३ इंचांहून अधिक थर, असे निकष असतात. दरांत वेळोवेळी बदल होतो. म्हणून चालू दर तहसील कार्यालयातून लेखी घ्यावेत.

६) आलेली मदत एका ठिकाणी उतरवून घ्यावी, फळ्यावर लिहावी आणि यादीप्रमाणे वाटावी. ज्या वस्तू नकोत त्या नम्रपणे परत कराव्यात किंवा गरज असलेल्या शेजारच्या गावाला द्याव्यात.

७) गाव हलविण्याचा निर्णय सुतकात घेऊ नये. नवी जागा, तेथून शेताचे अंतर, पाणी, गोठ्याची सोय आणि भावकीची रचना पाहून, स्त्रियांसह सर्वांच्या ग्रामसभेत दोनदा चर्चा करून ठरवावे. दरड कोसळण्याची किंवा पुराच्या वाहत्या पात्राची जागा असेल तर मात्र हलणेच श्रेयस्कर.

मदत देणाऱ्यांनी काय करावे?

निघण्यापूर्वी त्या गावात कोणाला तरी विचारावे की काय हवे. जुने कपडे नेऊ नयेत. मुख्य रस्त्यावर गाडी रिकामी न करता तहसील कार्यालयातून वंचित गावांची नावे घ्यावीत. शेतकऱ्याने शेतकऱ्यास करावयाची उत्तम मदत म्हणजे कडब्याच्या पेंढ्या, उगवण तपासलेले बियाणे, चार दिवसांसाठी बैलजोडी किंवा ट्रॅक्टर आणि आपल्या हातांचे श्रम. देताना छायाचित्र काढण्याचा आग्रह धरू नये. ज्याच्या घरी दुःख आहे त्याला हातात पिशवी धरून कॅमेऱ्यापुढे उभे करणे योग्य नव्हे. आणि शक्य असल्यास सहा महिन्यांनी पुन्हा जावे. पहिल्या पंधरवड्यात गर्दी असते; पत्र्याच्या शेडमधील पहिल्या उन्हाळ्यात मात्र कोणी विचारावयास येत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपत्ती थांबविणे आपल्या हाती नाही. ती आल्यावर मदत घेणाऱ्या गावाने हात पसरून बसावे की कामाला लावावेत, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. किल्लारी परिसरातील लोकांनी फार मोठी किंमत मोजून हे ज्ञान मिळविले आहे. येत्या ग्रामसभेत या लेखातील सात मुद्दे वाचून दाखवावेत, आपल्या गावाची चुलीनिहाय यादी करावयास घ्यावी आणि घराच्या भिंती व माळवद एकदा नजरेखालून घालावे, एवढीच विनंती.